हातात धरलेला हात

नातीला आणायला बालवाडीत गेले, तेव्हा बहुतेक मुलं घरी गेली होती. पायरीवर चारेक वर्षांची एक मुलगी सँडलचा पट्टा बक्कलमध्ये घालत बसली होती. दुसरी सँडल अजून शेजारीच होती. बालवाडीच्या ताई तिच्याजवळ नुसत्या बसल्या होत्या. पट्टा आत जाई आणि पुन्हा निसटे. फाटकाशी तिची आई ताटकळली होती. मला राहवेना. मी वाकून म्हटलं, "आण बाळ, मी लावून देते."

ताई हळूच म्हणाल्या, "राहू द्या आजी. ती लावतेय."

मुलीने मान वर केली नाही. तिने सँडल काढली, उलटसुलट करून पाहिली आणि दुसऱ्या पायात घातली. मग पट्टा नीट बसला.

मी तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला. दिवाळीपर्यंत अक्षरं पुरी व्हायला हवीत, या घाईत कितीतरी मुलांचे हात हातात धरून गिरवून घेतले. अक्षरं सुरेख यायची. ती माझीच होती, हे त्या पायरीपाशी उभी असताना मला पहिल्यांदा जाणवलं. सुनंदा नावाची एक मुलगी माझ्या हातात बोटं अगदी सैल सोडून द्यायची. मला तो तिचा शहाणपणा वाटे. एकदा दारात कुणी आलं म्हणून मी मध्येच तिचा हात सोडला, तर पेन्सिल तिच्या बोटांतून गळून पडली. तिने ती उचललीसुद्धा नाही. मी परत येईपर्यंत ती अर्ध्या 'क'कडे बघत बसून होती.