चिमीचा डावा डोळा

देवीने हो म्हटलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. माझी लेक चिमी दीड वर्षाची होत आली, तरी तिचा डावा डोळा जन्मापासून वाहतच होता. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, ओल्या कापसाने हळूहळू सोडवायच्या. कुणी दृष्ट काढली, कुणी काजळ भरायला सांगितलं. शिरूरच्या डॉक्टरांनी नाकाच्या कडेला बोटाने चोळायला शिकवलं, तेही महिनोन्महिने केलं. शेवटी ते म्हणाले, डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी बंद आहे, दौंडला नेऊन, भूल देऊन बारीक तार घालून ती मोकळी करावी लागेल. डोळ्यात तार, अगं बाई!

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "आधी येमाईला कौल लावू." देवीच्या दोन्ही अंगांना एकेक फूल चिकटवलं. उजवं पडलं तर जायचं, डावं पडलं तर थांबायचं. पडली दोन्ही, एकदमच! पुजारीसुद्धा डोकं खाजवत बसला. आबा म्हणाले, "आता तूच ठरीव सूनबाई, तू आई हायेस." आई झालं म्हणून सगळं कळतं होय? पण दुसऱ्या दिवशी डोळा पुन्हा चिकटलेला दिसला, आणि मी जायचं ठरवलं.

दौंडच्या दवाखान्यात नर्सने बजावलं होतं, पोरीला उपाशी ठेवा. चिमी भुकेने नुसती आकांत करत होती. आबा चहाला गेलेले. आमच्याकडे उपासालाही दूध चालतं, आणि हे तर अंगावरचं, याला खाणं कोण म्हणतं? मी तिला पदराआड घेतलं, तोच बाकावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी म्हातारीने पोर सरळ ओढून घेतली. "ए बये, थेंब देऊ नगंस! भुलंत दूध उलटून छातीत गेलं म्हंजी पोर हातची जाईल." मला असा राग आला! पण ती चिमीला खांद्यावर टाकून, बोलावणं येईपर्यंत व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिली. आत डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "दूध पाजलं नाही ना?" "न्हाई," म्हणत मी पदर सारखा केला.

चिमीला आत सोडून बाहेर आले, तर म्हातारी नाही. नर्स म्हणाली, अशी कुणी पाहिलीच नाही. आबांचं एकच, "येमाईच ती." मला वाटतं, असेल कुणाची तरी आजी. मग वाटतं, तिला नेमकं माझ्याच शेजारी कुणी बसवलं? डोक्यात नुसता गुंता होतो. हल्ली मी तो सोडवत बसत नाही.

तार घालून झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, रडताना त्या बाजूचं नाक वाहिलं तर वाट मोकळी झाली समजा. थोड्या दिवसांनी चिमी अंगणात आपटली आणि तिने भोकाड पसरलं. मी धावले, बघते तर डाव्या नाकपुडीतून शेंबूड! पोर रडतेय आणि मी वेड्यासारखी हसतेय. तिचं नाक हातानेच पुसलं आणि तेच बरबटलेले हात जोडून म्हणाले, "आई, तुझं तुला ठाऊक. माझ्या लेकीचं नाक वाहिलं, मला पुरे."