नंबर जिवंत ठेवणारा

मागच्या वेळी मुलीकडे कॅनडाला जाताना मी फोन बंद करून कपाटात ठेवला. उगाच खर्च कशाला! वय अवघं अडुसष्ट, अक्कल यायची होती. सहा महिन्यांनी परतले तर नंबर रद्द झालेला. सावनेरला एकटी राहणारी माझी थोरली बहीण रोज तोच लावून रडत होती. नवा नंबर तिला पाठ करवण्यात वर्ष गेलं.

यंदा पुन्हा जायचं ठरलं. आधी आमच्या मनीषनगरातल्या मोबाइलवाल्याकडे गेले. हा माणूस काउंटरची काच कोपरानं पुसत, मान खाली घालूनच बोलतो. सिम काढायची पिन त्यानं दोऱ्यानं शर्टाच्या बटणाला बांधलेली असते. महागाचे फोन तो दाखवतच नाही, आधी विचारतो, "तुमाले फोन कोन करते जी?"

"ताई. तिला एवढाच नंबर येतो." कॅनडाचा बेत आणि मागच्या वेळचा घोळही मी सांगितला.

त्यानं दोन सिमचा साधा फोन काढला. "हे सिम रोमिंग करून चालू ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका. तिकडचं सिम दुसऱ्या खाचेत."

"ताईचा फोन लागेल ना?" मी चौथ्यांदा विचारलं.

"लागन ना जी."

तरी माझा चेहरा उतरलेलाच. गिऱ्हाइकं खोळंबली असताना त्यानं माझ्या फोनवरून ताईला लावलं, स्वतःचा नंबर सांगितला आणि ती लिहून घेईपर्यंत थांबला. "तुमच्या बहिणीचा फोन नाही लागला, त मले लावजा."

मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, "अन् आजी, फोन बंद करावासा वाटला, त पैले ताईले विचारजा."