सहावी पट्टी

अंबडच्या सहादूभाऊंना मी सोमवारी बोलावलं ते एका पट्टीसाठी. शुक्रवार उजाडला तेव्हा माझ्या बोटीच्या पोटात पाच भगदाडं होती आणि माझं डोकं फिरलेलं होतं.

बोट जुनी, फायबरची, गंगापूर धरणाच्या काठावर वडाखाली गाड्यावर उभी. शिडाची डोलकाठी तारांनी ताणून धरलेली असते आणि त्या तारा बोटीच्या आत बसवलेल्या सहा स्टीलच्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात; एक जरी उपटली तरी डोलकाठी कोसळू शकते. एका पट्टीखाली तांबूस ओघळ दिसला. रविवारी माझी मुलगी निकिता पहिल्यांदाच एकटी ही बोट पाण्यात नेणार होती. म्हटलं, पट्टी बदलून टाकू, तासाभराचं काम.

सहादूभाऊ मूळचे सिन्नरकडचे, वय अठ्ठावन्न. तीस वर्षं कारखान्यांत वेल्डिंग केलं. आता खिडक्यांच्या जाळ्या आणि पाळण्याच्या कड्या करतात. त्यांनी पट्टीमागच्या प्लायवूडला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. झालं! या गृहस्थांनी आतलं कपाट सोडवलं, शेजारच्या पट्ट्या उतरवल्या, कुजकं लाकूड ओंजळीनं बाहेर काढलं. नवं लाकूड चिकटवल्यावर मी दर तासाला विचारायचो, "झालं का?"

"वाळू द्या, सर."

आणि वर तो छळवादी हट्ट! पट्टी बसली की तिला दोर बांधायचा, वडाच्या फांदीवरून पलीकडे टाकायचा आणि स्वतः लोंबकळायचं. "तार वरती ओढती ना? मंग आपण बी वरतीच ओढायचं." ही सवय त्यांच्या सासूबाईंनी, लंकाबाईंनी लावलेली. मुलीच्या बारशाला यांनी पाळण्याची कडी बसवली, तर लंकाबाई नातीला हातातून सोडेनात. म्हणाल्या, "आधी तुम्ही लोंबकळा जावईबापू, मंग लेकरू ठेवते." भरल्या घरात जावई लोंबकळला, तो अजून थांबलेला नाही.

शनिवारी दुपारी पाच पट्ट्या पार पडल्या. ते सहावीकडे वळले तसा मी ओरडलोच. "तिला हात लावू नका! दसऱ्याला मी स्वतः नवी बसवलीय."

बसवली होतीच. मागचं लाकूड जरा नरम लागलं म्हणून भिंतीला भरतात ती लांबी भरली, वरून चंदेरी रंग दिला, झेंडूचा हार घातला. दर दसऱ्याला सगळ्याच पट्ट्यांवर मी रंगाचा हात फिरवायचो. चकचकीत दिसायच्या अगदी.

"हात नाय लावत," म्हणत त्यांनी दोर बांधला आणि पाय उचलले.

मी घड्याळ दाखवणार, तेवढ्यात करकर आवाज झाला. पट्टी लांबीच्या ढेकळासकट उपटून वर आली आणि सहादूभाऊ पाठीवर आपटले. मी धावलो. कोपर सोलवटलं होतं, रक्त येत होतं.

बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "सर, उद्या कोण बसणार व्हतं यात?"

आठवडाभर मी नुसती घाई केली होती. कशासाठी, ते सांगितलंच नव्हतं.

"माझी मुलगी."

 मला स्वतःचीच चीड आली. तिथूनच फोन लावला. निकिताला सांगितलं, उद्या नाही.

पुढच्या शनिवारी सहावी पट्टी वाळली. सहादूभाऊंनी दोर बांधून हातात घेतला. मी तो त्यांच्याकडून काढून घेतला, चपला बाजूला ठेवल्या आणि पाय उचलले.