नाही असेल तर इथंच सांगा

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाईंचं नाव पारूबाई. सगळा जन्म लोकांच्या रानात खुरपण्यात आणि अहमदपूरच्या मोंढ्यात धान्य चाळण्यात गेला. बाई अतिशय भिडस्त. भाजीवाल्यानं वांगी कमी तोलली तरी "असू दे" म्हणून पिशवी उचलणार. मला ते बघून चीड यायची, कारण मी तोंडाळ. माझं तोंड बघूनच विक्रीची नोकरी मला जमेल असं सगळे म्हणायचे.

नोकरी पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत होती. अहमदपूर तालुक्यात फिरायचं, घरोघर फिल्टर दाखवायचे, कंपनीची स्कूटी मिळणार. माझे यजमान आनंदराज बिलोलीला शाळेत कारकून आहेत, शनिवारी येतात. इथं घरात आम्ही दोघी आणि माझं रांगतं लेकरू. ही नोकरी मला मनापासून हवी होती. इतकी, की गुरुलिंग शेठनी त्यांच्या भांड्यांच्या दुकानात कामाला ये म्हणून विचारलं होतं, त्यांनाही मी थांबवून ठेवलं.

पहिली फेरी नांदेडला झाली. एका हॉटेलच्या हॉलमध्ये आम्हाला बसवलं आणि रिकामा ग्लास विकून दाखवा म्हणाले. मी विकला. दुसरी फेरी लातूरला. सकाळी बोलावलं आणि दुपार कलल्यावर आत घेतलं. आतले साहेब अर्धा वेळ फोनवर होते. फोन ठेवून त्यांनी एकच गोष्ट विचारली, "घरचे फिरतीवर पाठवतील का?" मी हो म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही. तिसरी फेरी घरभेटीची, असं त्यांनी सांगितलं. ही फेरी फक्त लग्न झालेल्या बायकांना होती. पुरुषांच्या घरी कुणी जात नव्हतं. मी राग गिळला, कारण गरज मला होती.

घरी येऊन सांगितलं तर आत्याबाईंनी बघण्याच्या कार्यक्रमाचीच तयारी काढली. शेजारच्या गुणाबाईंकडून खुर्च्या आणि बशा आल्या. "पावणे कुठले हायेत?" गुणाबाईंनी विचारलं. "लातूरचे," आत्याबाई म्हणाल्या, अगदी स्थळ आल्यासारखं. मला साडी नेसायला लावली. चुरमुऱ्यांचा सुशीला करायला घेतला, आणि चुरमुरे जास्त भिजले म्हणून पहिला घाणा बाजूला काढून दुसरा केला. मी म्हणाले, "आत्याबाई, माझं लग्न झालंय, तुमच्याच पोराशी." त्या हसल्यासुद्धा नाहीत.

दयानंद नावाचे साहेब आले. तिशीतले, घामाघूम, हातात हेल्मेट. घराचा फोटो काढला, लेकरू कोण सांभाळणार ते विचारलं. "माझ्यापाशी ऱ्हातंय की," आत्याबाई म्हणाल्या. "हिला चार रोज फिरतीवर न्या, न्हाईतर आठ रोज. पोरीनं शिकून घरात का बसावं?" मग त्यांनी उलटतपासणी सुरू केली. साहेबांचं गाव कोणतं, भाऊ किती, कंपनी पगार वेळेवर करते का. बिचारे साहेब पोटात काही नसल्यासारखे सुशीला खात एकेक उत्तर देत राहिले. मला वाटलं, जमलं. मनातल्या मनात मी स्कूटीवर बसलेसुद्धा.

साहेब उठले, हात धुतले आणि म्हणाले, "छान झालं. कळवतो तुम्हाला."

आत्याबाई उठून दारात गेल्या. साहेबांचे बूट तिथंच होते.

"साहेब, कळवतो म्हंजी न्हाई का?"

"तसं नाही मावशी. वरून ठरतं."

"ठरलंय का ठरायचंय, तेवढं सांगा. न्हाई असंल तर इथंच सांगा. आमी मनाला लावून घेणार न्हाई. पण ही पोरगी रोज फोनकडं बघत बसंल."

मी शरमेनं अर्धी झाले. वाटलं, हातातोंडाशी आलेली नोकरी या बाईनं घालवली. आयुष्यभर गप्प बसल्या आणि तोंड उघडायला आजचाच दिवस सापडला.

साहेब हेल्मेटचा पट्टा चाळवत उभे राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मावशी, जागा मागच्याच आठवड्यात भरली. घरभेटी झाल्या असं दाखवावं लागतं, म्हणून मी फिरून राहिलोय. मला पण बरं वाटत नाही."

माझ्या जिभेवर जे आलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत्याबाईंनी मागं न बघता हातानंच मला थांबवलं. "खरं बोललात, लई उपकार झाले," असं त्या साहेबांना म्हणाल्या, आणि उन्हाचं निघालेल्या त्या माणसाला अजून एक तांब्या पाणी दिलं. मला तेव्हा ते मुळीच पटलं नाही.

साहेब गेल्यावर मी बशा घासत रडले. नांदेडची फेरी, लातूरची फेरी, ही नेसलेली साडी, सगळ्याची चीड आली. "एवढं कशाला विचारलंत?" मी म्हणाले. "चार दिवस तरी आशेवर काढले असते."

त्या चुलीपाशी बसल्या आणि महामायाचं सांगू लागल्या. महामाया म्हणजे माझी नणंद, आता नांदेडला सुखात आहे. तिची गोष्ट मला ठाऊक नव्हती. देगलूरकडचं एक स्थळ तिला बघून गेलं होतं, खाऊनपिऊन, हसूनखेळून. कळवतो म्हणाले. दिवाळी गेली, उन्हाळा आला. फोन वाजला की महामाया हातातलं टाकून धावायची. मधे दोन चांगली स्थळं आली, ती तिनं परत पाठवली. आणि त्या लोकांनी तर दुसरीकडं कधीच सुपारी फोडली होती.

"एक डाव जाऊन इचारायचं व्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "आपण पोरीकडचे, कसं इचारावं म्हणून गप बसले. साऱ्या गल्लीला दिसत व्हतं, मलाबी दिसत व्हतं."

मी बशी खाली ठेवली. भाजीवाल्याला न बोलणाऱ्या या बाईला दारात उभं राहून विचारणं किती जड गेलं असेल, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या पायाशी वाकले, तर त्या मागं सरकल्या. उपकार मानून घ्यायचीसुद्धा भीड.

"उठ, बाय," त्या म्हणाल्या. "लेकरू मी घेते. दुकान बंद व्हायच्या आत शेठकडं जाऊन ये. माझ्या लेकीचं एक वरीस म्या गप बसून घालवलं. तुजं घालवायचं नव्हतं."