नसलेल्या घराची घरपट्टी

माझ्या वडिलांना दरवर्षी एका फ्लॅटची घरपट्टी येते. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, असं बिल म्हणतं. प्रत्यक्षात तिथे तिसरा मजला नाही, दुसरा नाही, पहिलाही नाही. पत्रे ठोकलेला मोकळा प्लॉट आहे आणि आत एरंड माजलाय. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात नेमकं कुठे, ते मी सांगणार नाही. गावाचं नाव घेतलं की आमची फाईल आणखी खाली सरकवतील, आणि आत्ताच ती कुठे आहे ते कोणाला ठाऊक नाही.

बाबा रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते. आयुष्यभराच्या पगारातून त्यांनी एकच मोठी वस्तू घेतली, तो फ्लॅट. बिल्डरकडे परवानगी दोन मजल्यांची होती आणि त्याने बांधले पाच, हे घेताना आम्हाला कोणी सांगितलं नाही. पालिकेच्या करविभागाने मात्र पाचही मजल्यांची मापं घेतली, पाचही मजल्यांना नंबर दिले आणि वर्षानुवर्षं पट्टी वसूल केली. बेकायदा मजल्याचे पैसे घेताना तिथे कोणाचाही हात अडखळला नाही. मजला बेकायदा आहे हे त्यांना आठवलं ते वरच्या घरातला स्लॅब कोसळला तेव्हा. नशिबाने त्या घरात त्या वेळी कोणी नव्हतं. इमारत धोकादायक ठरली, संध्याकाळपर्यंत बाहेर पडा म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात ती पाडून मोकळे झाले. बिल्डरचा फोन त्याच्याही आधी बंद झाला होता.

आम्ही बेलवलीत भाड्याने राहायला आलो. इथे भिंतीला खिळा मारायचा तर घरमालकाला विचारावं लागतं. बाबांनी विचारलं नाही, आणि कॅलेंडर टेबलावर आडवंच ठेवलं.

पाडलेल्या घराच्या बदल्यात नवीन जागा मिळण्याबद्दलची पालिकेची नोटीस आम्हाला कधी आली नाही. का, तर म्हणे तुमचा सध्याचा पत्ता आमच्याकडे नाही. पण घरपट्टीचं बिल बेलवलीच्या दारात बिनचूक आलं. त्यात सफाई कर होता. दिवाबत्ती कर होता. वृक्ष करही होता, तो बहुधा एरंडाचा. आणि घर कोण वापरतं हे सांगणाऱ्या ‘भोगवटा’ नावाच्या रकान्यात छापलं होतं, ‘स्वतः’.

माझं डोकंच फिरलं. बाबांना घेऊन मी करविभागात गेले. टेबलावरची मुलगी शांतपणे ऐकत होती, त्यामुळे मला जास्तच राग येत होता.

“काका, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे,” ती म्हणाली. “बिल्डिंग पाडली असा अर्ज द्या, मी आज टॅक्स बंद करते. पण मग तुमचा मालमत्ता नंबरपण बंद होणार.”

“झाला तर काय?” बाबांनी विचारलं.

“उद्या तिथे नवीन बिल्डिंग झाली, तर तुम्ही तिथले मालक होता हे दाखवायला दुसरं काय आहे? अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर आहे का?”

“नोटरीचं आहे.”

“नोटरी नाही ना चालत, काका. तुमचं नाव आहे ते फक्त या टॅक्सच्या रेकॉर्डला.”

“म्हणजे घर तुम्ही पाडायचं आणि ते आमचं होतं म्हणून पट्टीही आम्हीच भरत राहायची?” मी आवाज चढवला.

“मॅडम, पाडणारा विभाग वेगळा. आम्ही फक्त टॅक्स.”

बाबांनी अर्ज दिला नाही आणि पैसेही भरले नाहीत. नाव सोडणार नाही आणि नसलेल्या भिंतींचे पैसेही देणार नाही, असं त्यांनी ठरवलं. मला त्यांचा अभिमान वाटला. थकबाकीवर व्याज चढत गेलं. शेवटी पत्र आलं, की आता भरलं नाही तर नंबर रद्द होईल.

त्यानंतर काही दिवसांतच प्लॉटसमोरच्या सिंधी दुकानदाराचा फोन आला. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून माल आणून तो तिथे कापड विकतो आणि बाबांना जुना शेजारी मानतो.

“काका, जल्दी आओ. तुम्हारे घर के सामने बाजा आया है.”

आमच्याकडे थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवतात, चारचौघांत लाज वाटून त्याने पैसे भरावेत म्हणून. इथे दारच नव्हतं, तर ते पत्र्यासमोर वाजवत होते. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा लाल डगलेवाले घामाघूम होऊन लग्नातलं गाणं वाजवत होते आणि वसुलीचा साहेब माइक हातात घेऊन उभा होता. पोरंसोरं नाचत होती. मी त्या साहेबाची खरडपट्टी काढायच्या तयारीतच पुढे झाले.

तेवढ्यात बँड थांबला. साहेबाने कागद बघून बाबांचं नाव वाचलं, मग म्हणाला, “तिसरा मजला, घरमालक.”

बाबांनी हात वर केला. “मी.”

“काका, थकबाकी आहे तुमची.”

“ते कळलं. आधी काय म्हणालात, ते पुन्हा वाचा.”

साहेब गोंधळला. कागदावर काही चुकलंय का ते त्याने बघितलं.

“घरमालक म्हणालात ना?” बाबा म्हणाले. “जरा मोठ्याने वाचा.”

त्याने वाचलं. बाबांनी शर्ट खाली ओढून सरळ केला आणि रस्त्यावरच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग वसुलीच्या गाडीपाशी जाऊन त्यांनी सगळी थकबाकी भरली, व्याजासकट.

परतताना रिक्षात मी त्यांच्यावर भडकले. “बाबा, तुम्ही एरंडाची घरपट्टी भरलीत!”

“बेलवलीला आल्यापासून मी ‘भाडेकरू’ लिहिलंय तिथे सही करतोय,” ते म्हणाले. “आज त्यांनी भर रस्त्यात माइकवरून सांगितलं.”

माझा संताप आणखीच वाढला. ज्यांनी घर पाडलं, त्यांच्याच तोंडून घरमालक म्हणवून घ्यायला माझ्या वडिलांना पैसे मोजावे लागले, तेही बँड वाजवून घेऊन.

त्या संध्याकाळी बाबांनी खाली जाऊन घरमालकाला खिळ्याबद्दल विचारलं. तो हो म्हणाला. आता भिंतीवर कॅलेंडर आहे आणि त्याच्यामागे त्याच खिळ्याला ती पावती अडकवलेली आहे. भोगवट्याच्या रकान्यात अजून ‘स्वतः’ असंच छापलंय.