वर्ष सरण्याआधी हाती आलेला दोर

त्या वर्षी माझा जीवशास्त्रावर विश्वास होता, देवावर नव्हता. हे उद्धटपणाने लिहीत नाही. तेव्हाची खरी स्थिती तीच होती. नवरा गेल्यापासून देवाशी माझं बोलणंच बंद झालं होतं. देवांना फूल वाहायचं ते सासूबाईच वाहत, आणि मी खिडकीपाशी बसून हृदयाच्या कप्प्यांच्या आकृत्या काढत असे.

यांच्या आजारपणात वॉर्डमधली एक नर्स त्यांची कूस बदलण्याआधी त्यांना सांगायची, "सर, आता डावीकडे वळायचंय हं." ते शुद्धीवर नसतानाही सांगायची. ते गेल्यावर मला तेवढं एकच काम करण्याजोगं वाटलं. पण माझी पदवी इतिहासाची, आणि नर्सिंगच्या पदवीला बारावीचे विज्ञान विषय हवेत. प्रवेशाची वयोमर्यादाही जवळ आली होती. या वर्षी राहिलं की कायमचं राहिलं. म्हणून तिशी ओलांडल्यावर मुक्त शाळेत नाव घालून मी पुन्हा बारावीला बसले.

सासूबाई तंजावरच्या मराठी घरातल्या; लग्नानंतरचा सारा जन्म चेन्नईत गेलेला. मुलगा गेल्याचं दुःख गिळून त्या रोज माझं पाठांतर घेत. एकदा बेडकाच्या आकृतीची वही मी देवघरात उघडी विसरले, तेव्हा म्हणाल्या, "तुझा तो बेडूक देवघराच्या फळीवरून उचल गं. नैवेद्याला ठेवल्यासारखा दिसतोय." कित्येक महिन्यांनी आम्ही दोघी हसलो.

माणूस गेलं की वर्षभर आमच्याकडे देवळात जात नाहीत, सणवार करत नाहीत. आम्ही मैलापुरात, देवळालगतच्या एका बोळात राहत होतो. पंगुनी या तमिळ महिन्यातला देवळाचा उत्सव सुरू झालाय हे सनईसारख्या नागस्वराच्या आवाजावरून कळे. पण कोणत्या दिवशी काय आहे, हे आम्ही कुणाला विचारलंही नाही. आपल्याला त्याचं काय, असं वाटून गेलं. त्यामुळे जीवशास्त्राच्या पेपराच्या सकाळी मी बोळातून बाहेर पडले, तेव्हा समोर देवाचा रथ उभा होता.

रस्ता माणसांनी गच्च भरला होता. बस नाही, रिक्षा नाही. बोळाचं दुसरं टोक बंद, आणि परीक्षेचं केंद्र नुंगंबाक्कमला. मी गर्दीत घुसायचा प्रयत्न केला; गर्दीने मला पुन्हा बोळाच्या तोंडाशी आणून सोडलं. अभ्यास पक्का होता, एकेक आकृती डोळे मिटून काढता आली असती. आणि मी घरापासून हाकेच्या अंतरावर अडकले होते. यांना नेलंस, आता हेही नेतोस का, असं मी रथाकडे पाहून मनात म्हणाले. रागाने का होईना, पण पुष्कळ दिवसांनी त्याच्याशी बोलले.

शेजारच्या मांडवात ताक वाटणाऱ्या एका बाईंनी माझ्या हातातलं हॉल तिकीट पाहिलं. तमिळमध्ये म्हणाल्या, "या वयात परीक्षा? मुलीची की तुझी?"

"माझीच. मोठ्या रस्त्यापर्यंत जायचंय."

"अशी आडवी गेलीस तर संध्याकाळी पोचशील. दोर धर. रथाला सगळे वाट देतात."

मी मागे सरले. घरातलं माणूस गेलंय, वर्ष सरलेलं नाही, मला चालत नाही, असं कसंबसं सांगितलं. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"तू गेलीस का त्याच्याकडे? तोच आलाय ना तुझ्या दारात? वा मा, वा!" म्हणजे, ये बाई, ये. आणि माझं मनगट धरून त्यांनी मला दोर ओढणाऱ्या बायकांमध्ये नेलं.

दोर मनगटाहून जाड होता, घामाने ओला. एका आजींनी सरकून जागा दिली. आरोळी उठली आणि सगळ्या बायका एकदम पुढे झुकल्या. मी ओढत होते की ओढली जात होते, कळत नव्हतं. मघाशी ज्या गर्दीने मला परत लोटलं होतं, ती आता दोन्ही बाजूंना सरत होती. रडू आलं, पण पाय थांबले नाहीत. कोपऱ्यावर रथ वळायला थांबला, तिथेच मोठा रस्ता होता. मी दोर सोडला. त्या बाईंना नमस्कार करायला वळले, तर त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या होत्या. मिळालेल्या पहिल्या रिक्षात बसले आणि केंद्राचं दार लागायच्या आत पोचले.

पेपर उत्तम गेला. तो माझ्या अभ्यासाने गेला, हे मी आजही निःसंकोच म्हणते.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझे तळवे उघडून दोराचे लाल वळ पाहिले, त्यांवर खोबरेल तेल लावलं आणि विचारलं, "रथावरची फुलं कुठली होती गं?"

पुढे प्रवेश मिळाला, पदवीही झाली. त्या बाई कोण, हे मी शोधलं नाही. अभ्यास आपण करायचा, तो मी केला. पण पोचवणारा दोर आपल्या आधीपासून कुणीतरी ओढत असतं. आपण हात लावायचा आणि पाऊल टाकायचं. आता वॉर्डमध्ये शुद्ध हरपलेल्या रुग्णाची कूस बदलताना मीही आधी सांगते, "डावीकडे वळायचंय हं." आणि त्याच्या पाठीखाली हात घालताना मनात तेच दोन शब्द येतात: वा मा, वा.