पडवीतली दोन दुखणी

त्या वर्षी आमच्या कल्याणच्या घरात दोघींची दुखणी एकदम निघाली. सासूबाई विहिरीपाशी घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि माजघरात खाटेला खिळल्या. त्यातच कुत्रीच्या पोटाखाली गाठ आली. ही कुत्री मामंजींनी कळव्याच्या मिठागरातून पिल्लू असताना आणलेली. मामंजी गेले, कुत्री राहिली.

टांग्यांच्या घोड्यांवर इलाज करणारे एक म्हातारे वैद्य होते. त्यांनी परसात तिचं तोंड बांधून गाठ कापून काढली आणि रेशमाच्या दोऱ्याने जखम शिवली. जाताना म्हणाले, "चाटू द्यायचं नाही, माशी बसू द्यायची नाही. एवढं सांभाळलंत तर जगेल."

एवढं म्हणजे केवढं, ते पुढे कळलं. हे सकाळच्या आगगाडीने ठाण्याला कचेरीत जात, ते दिवेलागणीला परतत. घरात मी एकटी. सासूबाईंना पुसायचं, कूस बदलून द्यायची, भरवायचं. मग हात धुऊन पडवीत यायचं, कडुलिंबाच्या कोमट पाण्याने कुत्रीची जखम धुवायची, जुन्या लुगड्याचा धडपा फाडून पट्टी बांधायची. टोपलीचा तळ कापून मी ती तिच्या गळ्यात अडकवली होती. भिंतीला घासून घासून ती टोपली काढून टाकी. शिवाय चूल, धुणं, पाणी होतंच.

एका दुपारी पाट्यावर वाटता वाटता मी तशीच पेंगले. जागी होऊन पाहते तो टोपली एकीकडे, टाके तुटलेले, आणि कुत्री जखम चाटत बसलेली. माशा घोंगावत होत्या. रागवायचंही त्राण नव्हतं. मी तिच्याशेजारी बसून रडू लागले.

"अगं, काय झालं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"टाके तोडले हिने. आता नाही हो होत माझ्याच्याने."

कुत्रीने उंबरा ओलांडला तर ह्याच बाई सारं माजघर सारवून घेत. आज म्हणाल्या, "माझी खाट पडवीत न्यायला सांग. मी बघीन तिच्याकडे. मला दुसरं काय काम आहे?"

"आणि तुमचं सोवळं?"

"सोवळ्याला पाणी लागतं, आणि ते तूच भरतेस. राहू दे."

संध्याकाळी ह्यांनी शेजाऱ्यांच्या मदतीने खाट हलवली. वैद्यांनी पुन्हा टाके घातले. तेव्हापासून सासूबाई पडल्यापडल्या पंख्याने माशा वारीत. कुत्रीने मान खाली घातली की नुसतं "हं!" म्हणत, आणि ती मुकाट्याने मान वर करी. माझं कधी तिने ऐकलं नव्हतं. दुपारचं मला थोडं पडायला मिळू लागलं. जमिनीवरच पदर डोक्याखाली घेऊन मी निजे.

जखम हळूहळू भरून आली. कुत्री उठली, अंगणात, मग आळीत हिंडू लागली. सासूबाई मात्र उठल्या नाहीत. हाड वाकडंच सांधलं होतं.

"आज आली नाही का गं ती?" त्या विचारत. मी हाका मारून कुत्रीला आणी. ती त्यांचा हात हुंगे, शेपूट हलवी आणि पुन्हा निघून जाई.

"जाऊ दे. बरी झाली ना, बसेल कशाला?" सासूबाई म्हणत आणि भिंतीकडे तोंड फिरवत.

मग दुपारी त्यांच्या खाटेपाशी मीच बसू लागले. फारसं बोलणं होत नसे. बसल्याबसल्या माझा डोळा लागे, आणि त्या पंखा माझ्याकडे वळवीत.